वहीतला रिकामा रकाना

मधुमेह माझ्याकडे मुक्कामाला आला त्याला कोविड सुरू झाला तेव्हा १३ वर्षं झाली होती. बीपी त्याच्या मागोमाग दोन वर्षांनी आलं. इतक्या वर्षांत या दोघांशी माझी गाठ पडायची ती डॉक्टरांमार्फतच. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, रिपोर्टचं पाकीट न उघडता डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवायचं आणि त्यांच्या भुवयांकडे बघत बसायचं. भुवया जागेवर राहिल्या की मी सुटले. वर गेल्या की एखादी गोळी वाढायची. मधल्या ९० दिवसांत साखर कुठे जाते, काय करते, याची चौकशी मी कधी केली नाही. घरात साखर मोजायचा ग्लुकोमीटर होता, पण त्याच्या पट्ट्यांची मुदत संपून वर्ष उलटलेलं.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्याच आठवड्यात माझी तपासणीची तारीख होती. दवाखान्यातून फोन आला, "तातडीचं नसेल तर येऊ नका. तुमच्यासारख्यांनी तर नकोच." हे 'तुमच्यासारख्यांनी' पुढे वर्षभर कानावर पडत राहिलं. बातम्यांत मृतांचा आकडा सांगून झाला की जोडूनच एक वाक्य यायचं, यांना आधीपासून मधुमेह, उच्च रक्तदाब असे आजार होते. धडधाकट माणसाला ते ऐकून हायसं वाटत असावं. मी सोफ्यावर बसून तेच ऐकत असायचे आणि नवरा काही न बोलता चॅनल बदलायचा.

पहिल्याच पंधरवड्यात मी एक गाढवपणा केला. बीपीसाठी मला टेल्मिसार्टन आहे. कुणीतरी मेसेज पुढे ढकलला की या जातीच्या गोळ्यांनी विषाणूला शरीरात शिरायची दारं वाढतात, आजच बंद करा. मेसेज अगदीच हवेतला असता तर मी हसून सोडून दिला असता. पंचाईत अशी की त्यात तथ्याचा एक तुकडा होता. हा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो हे खरंच आहे, आणि या गोळ्यांनी ते प्रथिन वाढत असेल का, अशी शंका एका वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आली होती. पण ती शंकाच होती. माझ्या फोनपर्यंत येता येता तिचं प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं.

मी कुणाला न विचारता गोळी सोडली. सहाव्या दिवशी मान जड झाली, कानशिलं ठणकायला लागली. मशीनवर १७६/१०४. घाबरून डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"किती दिवस झाले गोळी सोडून?"

"सहा."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "अहो, मग सहा दिवसांपूर्वी का नाही केलात फोन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच सांगितलं की युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १३ मार्चलाच पत्रक काढून या गोळ्या चालू ठेवा असं बजावलं होतं. म्हणजे मी गोळी सोडली त्याच्याही आधी उत्तर येऊन पडलं होतं, फक्त ते माझ्या फोनवर कुणी ढकललं नाही. पुढे ब्राझीलमध्ये कोविडने रुग्णालयात आलेल्या ६५९ जणांवर अभ्यास झाला. सगळ्यांनाच या जातीच्या गोळ्या चालू होत्या. काहींच्या थांबवल्या, काहींच्या चालू ठेवल्या. थांबवून काही फायदा झाला नाही. मी आपला हा प्रयोग सहा दिवस स्वतःवर, मोफत करून बसले होते.

त्या फोनच्या शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता तुम्हालाच बघायला लागणार. एक वही घाला." मी वही घातली. रकाने आखले: तारीख, बीपी, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, शेरा.

बीपीच्या रकान्यात पहिले दहा दिवस नुसता हाहाकार होता. १५८/९४, १६२/९२, १५५/९६. गोळी परत सुरू करूनही आकडा उतरेना. एके दिवशी लेक शेजारी उभी राहून माझं मोजणं बघत होती. हातातलं काम टाकून मी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, पाय खाली लोंबकळताहेत, पट्टा बाहीवरूनच गुंडाळला, हात मांडीवर. मशीन फुगायला लागलं तरी माझं नवऱ्याला आतल्या खोलीत काहीतरी ओरडून सांगणं चालूच. लेकीने मशीनच्या खोक्यातला घडी न मोडलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या. अर्ध्या तासात चहा-कॉफी, व्यायाम नको. बोलू नका.

"शेवटचं तुला जमणार नाही," ती म्हणाली.

जमलं. पाच मिनिटं तोंड मिटून बसले. पहिलं १४४/८८, एक मिनिट थांबून दुसरं १३८/८६. तोच दिवस, तीच गोळी, तोच दंड. लोंबकळत्या हाताने आणि चालत्या तोंडाने मी रोज पंधरा-वीस अंकांचं बीपी स्वतःच तयार करत होते. मॅडमनी नंतर सांगितलं की दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजलं तर १३५/८५. म्हणजे माझं अजून थोडं वरच होतं, पण त्यासाठी औषध वाढवायची घाई त्यांना वाटली नाही. चुकीच्या आकड्यांवर त्यांनी डोस वाढवला असता तर मी उठताना चक्कर येऊन पडले असते.

साखरेचंही तसंच. एका दुपारी २४३ आली आणि माझ्या पोटात गोळा. मग आठवलं, मी मघाशीच फळ सोलून फोडी केल्या होत्या, हात नुसते फडक्याला पुसले होते. साबणाने धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटातून घेतली तर १५१. बोटावरचा रस मी रक्तात धरत होते. त्या दिवसांत हाताला सतत सॅनिटायझर, पण साखर मोजण्याआधी साबण-पाणीच बरं. सॅनिटायझर फळाचा रस धुऊन काढत नाही, आणि तो नीट सुकला नसेल तरी आकडा बिघडतो.

इन्सुलिनची गोष्ट लिहायला मला अजून लाज वाटते. रात्री १६ युनिट लांब पल्ल्याचं इन्सुलिन घ्यायचं असतं मला. तुटवडा पडेल या भीतीने मी इन्सुलिन भरलेली एकदम सहा पेनं आणवली. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून पाठीमागे, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली खुपसून ठेवली. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या फ्रिजच्या त्या कोपऱ्यात ८ सोडा, शून्यही नसतं, हे ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांनी नवीन पेन काढलं तर आतल्या काचनळीत बारीक बर्फाच्या सुया. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकूनच द्यायचं. सहापैकी चार गोठली होती. माझ्या साठवणुकीपायी आणखी कुणाला त्या आठवड्यात पेन मिळालं नसेल, आणि मी ती कचऱ्यात टाकत होते. तेव्हापासून पेनं फ्रिजच्या दारात, आणि वापरातलं पेन बाहेरच, सावलीत. ते खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, चार आठवडे चालतं. पेनावर उघडल्याची तारीख मी पेनानेच लिहिते. हा विनोद घरात फक्त मलाच आवडतो.

मे महिन्यात एका रात्री तीन वाजता जाग आली. अंगातला कपडा घामाने चिंब, छातीत धडधड, आणि डोक्यात एकच विचार की आपल्याला झालं, विषाणूच लागला. नवऱ्याला उठवायचं, पण त्याचं नाव पटकन जिभेवर येईना. तोच जागा झाला. त्याने मोजली, ५८. पेल्यात तीन चमचे साखर ढवळून माझ्या ओठांना लावली. १५ मिनिटांनी ७९, आणखी थोडं खाल्ल्यावर ११०. नंतर आम्ही दोघं पहाटेपर्यंत जागे होतो. साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम झटपट विरघळणारं गोड घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे आम्हाला कागदावर माहीत होतं. त्या रात्री ते हातांना माहीत झालं.

पण झालं कसं? डोस तोच, जेवण तेच. शेऱ्याच्या रकान्याने सांगितलं. त्या दिवशी मी लिहिलं होतं, 'पूर्ण घर पुसलं, पडदे धुतले.' कामाला कुणी येत नव्हतं, झाडूपोछा, भांडी, कपडे सगळं माझ्याकडे. नवऱ्याची मदत होती, पण ती वर्णनातच जास्त. स्नायू राबले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि ही ओढ काम थांबल्यावरही कित्येक तास चालू राहते. वरून रात्रीचं इन्सुलिन. मी घरकामाला व्यायामात कधी धरलंच नव्हतं. मॅडमनी डोस १६ वरून १४ केला आणि जास्त राबलेल्या दिवशी झोपताना मोजायला सांगितलं.

तर बीपी सुधारलं, रात्रीची भीती गेली, उपाशीपोटीची साखर ११२, ११८, १२१ अशी शहाण्यासारखी यायला लागली. व्हिडिओवर मॅडमना वही दाखवताना मी ती कॅमेऱ्यासमोर जरा जास्तच वेळ धरायचे. जूनमध्ये वर्तमानपत्रात आलं की जागतिक आरोग्य संघटनेने १५५ देशांत पाहणी केली. त्यातल्या ५३ टक्के देशांत रक्तदाबाचे आणि ४९ टक्के देशांत मधुमेहाचे उपचार थोडेफार किंवा पूर्णच विस्कळीत झाले होते. ती बातमी मी कापून वहीत चिकटवली. खरं सांगायचं तर त्यात थोडा गर्व होता. सगळीकडे घडी विस्कटलेली आणि माझी वही बघा.

ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून घेतली. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यांच्या अंगावर लिहिलेला असतो आणि तो खोडता येत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेला मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी आकडा आला. ८.९.

मी प्रयोगशाळेला फोन करून नमुना बदलला असेल असं ठामपणे सांगितलं. पलीकडच्या बाईंनी ते फार शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यासारखे रोज येत असणार. ८.९ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी २०९ च्या आसपास. माझ्या वहीत उपाशीपोटीचा एकही आकडा १३० च्या वर नव्हता.

मॅडमनी एकच गोष्ट विचारली. "चौथा रकाना वाचून दाखवा."

चौथा रकाना जेवणानंतरचा. पाच महिन्यांत त्यात अकरा नोंदी होत्या आणि त्या अकराही दुपारच्या, हलकं जेवलेल्या दिवशीच्या. रात्रीच्या जेवणानंतरची एकही नाही. मी विसरले होते असं सांगितलं. विसरले नव्हते. दोनदा मोजली होती, दोन्ही वेळा अडीचशेच्या वर आली म्हणून लिहिली नव्हती. पट्टी कचऱ्यात, आकडा मनातून बाद. मशीनच्या पोटात मात्र तारीख-वेळेसकट दोन्ही पडून होते. लेकीने ते बटण दाबून दाखवलं तेव्हा वर्गात कॉपी पकडलेल्या पोरासारखं माझं झालं. ५४ व्या वर्षी. आणि फसवत कुणाला होते? ज्यांना फसवत होते त्या मॅडमना माझ्या साखरेचा काही त्रास नव्हता.

मग आठवडाभर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जोड्या लावून मोजलं. जेवणाआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. दुपारी १३४ आणि १८८. रात्री १४२ आणि २६२. चोर सापडला. दुपारी जेवण झालं की ओटा, भांडी, झाकपाक, मी पाऊण तास पायांवर. रात्री जेवण उशिरा आणि मग बातम्यांपुढे बाराएकपर्यंत बसून. ताट जवळजवळ सारखंच, फरक नंतरच्या तासाभरात. मॅडमनी गोळीच्या वेळा बदलल्या, रात्रीचं जेवण दीड तास अलीकडे घ्यायला लावलं, आणि जेवण झाल्यावर १५ मिनिटं घरातल्या घरात चालायला सांगितलं. आतल्या खोलीच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंत माझी २२ पावलं होतात. एका आठवड्यात रात्रीचा आकडा २०० च्या आसपास आला, महिन्यात १८० च्या खाली. गोळी किती आणि चालणं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये एचबीए१सी ७.६.

याच सगळ्यात ताईचं वेगळंच चालू होतं. ताईला संधिवात, बारा वर्षांपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. तिची साधी, जुनी गोळी एका रात्रीत जगप्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मार्च २०२० ला कोविडसाठी आपत्कालीन परवानगी दिली, आणि १५ जूनला फायदा दिसत नाही म्हणून काढून घेतली. त्या अडीच महिन्यांत ताईला गोळ्या मिळेनात. ज्यांना काहीही झालं नव्हतं अशांच्या घरात पाकिटं साठलेली. ती एक दिवसाआड घ्यायला लागली. मला सांगितलं नाही, मी रागावेन म्हणून. मे महिन्यात फोनवर तिने सहज म्हणून सांगितलं की सकाळी वेणी घालता येत नाही, बोटं मिटत नाहीत, तेव्हा मला कळलं. तिचे केस कमरेपर्यंत होते. जूनमध्ये तिने ते खांद्यापर्यंत कापले आणि फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'कशी दिसते?' गोळ्या परत मिळाल्या, सूज उतरली. केस तिने नंतर वाढवले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी कोविड आमच्याही घरी आला. नवऱ्याला नुसता वास जाण्यावर निभावलं. मला ताप, अंगदुखी, उलट्या. दोन दिवस पोटात जवळजवळ काही नाही आणि साखर ३१०. हे मला मुळीच समजेना, न खाता वाढते कशी? आजाराशी झगडताना शरीर जी संप्रेरकं सोडतं त्यांनी यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मी इन्सुलिन बंद करायच्या बेतात होते, खात नाही तर टोचायचं कशाला म्हणून. मॅडमनी उलटं सांगितलं. उलट्या थांबून पाणी पोटात राहीपर्यंत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद, इन्सुलिन मात्र मुळीच बंद करायचं नाही, उलट चार युनिट वाढवा. दर चार तासांनी मोजा, दर दहा मिनिटांनी घोटभर पाणी, आणि उलटी थांबलीच नाही किंवा धाप लागली तर फोन न करता थेट रुग्णालय. त्यांनी हे लेकीला लिहून घ्यायला लावलं, मला नाही. बरोबर केलं.

तिसऱ्या रात्री ऑक्सिमीटरवर ८९. लेक रडवेली. ९४ च्या खाली काळजी, ९० च्या खाली धावपळ, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. नवरा बॅग भरायला धावला. माझा श्वास मात्र ठीक वाटत होता. पण ठीक वाटणं या आजारात पुरत नाही, ऑक्सिजन उतरलेला असताना माणसं बोलतचालत असतात हे वाचलेलं. तेवढ्यात लेकीचं लक्ष माझ्या नखांकडे गेलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनेच कंटाळा घालवायला माझी नखं गडद निळी रंगवली होती. तिने एका बोटाचा रंग खरवडून काढला, माझी गारठलेली बोटं आपल्या तळहातांत धरून चोळली, आणि पुन्हा लावलं. एक मिनिट आकडा स्थिर होईपर्यंत कुणी श्वास घेतला नाही, मीसुद्धा, जे खरं तर चुकीचं होतं. ९६.

दिराने फोनवर धोशा लावला होता, 'वहिनी, स्टिरॉइड सुरू करा, सगळे घेतात.' डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात हे इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीने १६ जूनला जाहीर केलंच होतं. पण ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागतो अशांचे. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता, आणि माझ्यासारखीची साखर त्याने आकाशाला भिडली असती. मॅडमनी दिलं नाही. दीर अजून म्हणतो, तुम्ही नशिबाने वाचलात. त्यात नशीब होतंच, मी नाही म्हणत नाही.

डिसेंबरभर जिना चढताना धाप. जानेवारीपासून मात्र मी चालण्याच्या मागे हात धुऊन लागले. २२ पावलांच्या खेपा, रोज पाऊण तास, तिन्ही जेवणांनंतर वाटून. लेकीने घरात घालायला नवे बूट आणवले. ते थोडे घट्ट होते, पण सैल होतील म्हटलं. वहीला मी पावलांचा सहावा रकाना जोडला. आकडे सुरेख. जेवणानंतरची १६०, १५४. बीपी १२८/८०. या खेपेला सगळे खरे.

फेब्रुवारीत एका सकाळी मोजा काढला तर त्याच्या तळाला रुपयाएवढा ओला पिवळट डाग. मला वाटलं काहीतरी सांडलं त्यात पाय पडला. तळव्याला हात लावला तर अंगठ्याच्या खाली कातडी सरकली. वाकून मला तिथवर दिसत नाही, चष्मा लावूनही नाही. लेकीला बोलावलं. तिने टॉर्च धरला आणि एकदम गप्प झाली. फोड येऊन, फुटून, आतलं लालभडक उघडं पडलं होतं. कडेला पांढरी मऊ पडलेली कातडी.

"आई, हे किती दिवस आहे?"

मला सांगता येईना. दुखलंच नव्हतं.

व्हिडिओवर दाखवायचा प्रयत्न केला. पाय खुर्चीवर, लेक फोन घेऊन जमिनीवर, पडद्यावर नुसता गुलाबी ढग. मॅडमनी अर्ध्या मिनिटात विचारपूस थांबवली. "हे असं नाही चालणार. दोन मास्क लावा आणि आजच या."

१३ महिन्यांनी मी त्या खुर्चीत बसले. मधे काच, खिडक्या सताड उघड्या, टेबलावरची मासिकं गायब. मी सवयीने वही पुढे केली. मॅडमनी ती घेतली, बाजूला ठेवली आणि स्टूल ओढून माझ्या पायांशी बसल्या. जखम साफ केली, खोली बघितली, हाडापर्यंत नाही म्हणाल्या. नवे बूट बंद, त्या पायावर भार नको, एक दिवसाआड ड्रेसिंग. मग दुसरा पायही उघडा करायला लावला. १३ वर्षांत आमचं सगळं बोलणं टेबलाच्या वरच झालं होतं. पायांची तपासणी दर वर्षी करायची असते, ती 'पुढच्या वेळी बघू' करत राहून गेली होती, आणि त्यात दोष फक्त त्यांचाही नव्हता. मोजे काढायला लागू नयेत म्हणून मीच घाई करायचे.

त्यांनी ड्रॉवरमधून एक बारीक पांढरा नायलॉनचा तंतू काढला, दाढीच्या केसासारखा, एका दांडीला अडकवलेला. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, तेवढा जाणवायला हवा, त्या म्हणाल्या. आधी माझ्या हातावर लावून दाखवला. चक्क टोचला.

"आता डोळे मिटा. लावला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी खोकलं, नेहमीप्रमाणे सगळ्यांनी तिकडे माना वळवल्याचा आवाज आला. मी पायाकडे लक्ष लावून बसले. टाचेच्या कडेला एकदा 'हो' म्हटलं. मग वाट बघितली. बऱ्याच वेळाने विचारलं, "मॅडम, पुढचं कधी लावताय?"

"लावून झालं," त्या म्हणाल्या. "सहा ठिकाणी."

मग त्यांनी टेबलावरची वही ओढली, मागचं कोरं पान उघडलं आणि पावलाचा बाह्याकार काढून त्यावर फुल्या मारायला घेतल्या. मी खुर्चीतून वाकून फुल्या मोजत होते.